दोन चाकांचं शास्त्र – ७ : फाट्यावरचं वळण

घाटातल्या वळणाला सगळेच भितात. येडशीजवळचा रामलिंगचा घाट असो की सोलापूरकडून तुळजापूरला चढणारा, तिथून उतरताना दोन्ही हातांची बोटं आपोआप ब्रेकवर जातात. पडायला होतं ते मात्र बहुधा सपाटीवर, आपल्याच गावाच्या फाट्यावर, जिथून रोजचं जाणं-येणं आहे. चालती सायकल उभी का राहते हे मागच्या आठवड्यात पाहिलं. वळता वळता ती आडवी का होते, ते आज पाहू.

वळायचं म्हणजे दिशा बदलायची, आणि दिशा बदलायला कुणीतरी बाजूने ढकलावं लागतं. सायकलला ढकलणारा एकच : रस्ता. तोही ढकलणार टायरच्या जेमतेम दोन बोटांएवढ्या टेकलेल्या भागातून. हा बाजूचा जोर जमिनीपाशी लागतो आणि आपलं वजन वर असतं, त्यामुळे सरळ बसून वळलं तर आपण वळणाच्या बाहेरच्या अंगाला कलंडू. म्हणून आत झुकायचं. आगगाडीला झुकता येत नाही, म्हणून तिथे बाहेरचा रूळ उंच ठेवतात. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ साली सुरू झालेली आणि १९११ साली लातूरला पोचलेली बार्शी लाइट रेल्वे येडशीच्याच बालाघाट डोंगराच्या कडेने वळणं घेत चढायची, अवघ्या अडीच फुटी रुळांवरून. ती उभारणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केलं. पडणाऱ्या माणसाची इतकी काळजी वाहिलेला रेल्वेवाला विरळाच. असो.

मोटारींसाठीही रस्ता वळणावर बाहेरून उचललेला असतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे सपाट मुलखात जास्तीत जास्त सात टक्के, डोंगरी भागात दहा. सायकलस्वाराला त्याचा थोडा आधार मिळतो, बाकीचं त्याने स्वतः झुकून भागवायचं.

किती झुकायचं, हे दोनच गोष्टींवर ठरतं : वेग आणि वळणाची त्रिज्या. त्यात वेग जास्त खोडकर, कारण तो दुप्पट केला की लागणारा बाजूचा जोर चौपट होतो. घाटातल्या हेअरपिन वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर असावी आणि तिथला वेग ताशी २० किमी धरावा, असं मानक सांगतं. एवढ्या वेगाने तिथून वळायला सायकल तेराएक अंश झुकवावी लागते, जाणवतही नाही. तीसच्या वेगाला २७ अंश लागतात. चाळीसला ४२, आणि हे शर्यतीतल्या लोकांचं काम. पाच-सहा टक्क्यांच्या उतारावर ताठ बसून, पायडल न मारता नुसती सोडून दिलेली सायकल चाळीसच्या घरात सहज जाते, हे लक्षात घेतलं की घाटाची भीती रास्त वाटते.

आता टायरची पकड. रबर आणि कोरडं चांगलं डांबर यांचा घर्षणांक ०.७ च्या आसपास धरतात. त्यावर मुरूम किंवा बारीक कच पसरली असेल तर तो ०.३ पर्यंत उतरतो. म्हणजे त्याच १४ मीटरच्या वळणावर स्वच्छ डांबर असेल तर ताशी ३५ किमीपर्यंत निभावतं, कच असेल तर २३ ला चाक सुटतं.

हाच हिशेब फाट्यावर मांडा. मोठ्या रस्त्यावरून डावीकडे गावात शिरताना सायकल जे वळण घेते त्याची त्रिज्या पाचेक मीटर. स्वच्छ डांबरावर तिथे २१ किमीपर्यंत चालतं. कच असेल तर १४ सुद्धा चालत नाही. ताशी चौदा हा काही बेफाम वेग नव्हे. पहिली घंटा चुकेल म्हणून जरा जोरात पायडल मारणाऱ्या मुलीचा तो वेग आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळू लागल्या, तेव्हापासून या फाट्यांवरून सकाळी किती सायकली वळतात ते रस्त्याकडेला उभं राहून पाहावं.

आणि एकदा त्या फाट्यावर खाली वाकूनही पाहावं. गावाकडून येणारा रस्ता कच्चा किंवा उखडलेला असतो. ट्रॅक्टर, टमटम, दुधाच्या गाड्या चाकांबरोबर मुरूम आणतात आणि तो पक्क्या डांबरावर वळता वळता झटकला जातो. चारचाकींची चाकं जिथून रोज जातात ते दोन पट्टे झाडून काढल्यासारखे काळे, स्वच्छ राहतात. तिथली कच उडून जाते दोन ठिकाणी : पट्ट्यांच्या मधल्या कमानीत आणि डाव्या कडेला, साइडपट्टीच्या जोडावर. आपण सायकलवाल्याला लहानपणापासून काय शिकवतो? डाव्या कडेने चाल. तो बिचारा आज्ञाधारकपणे नेमका कचेच्या थरावरून वळतो. वळणापुरतं मागे बघून, हात दाखवून, कडेपासून हातभर आत, त्या काळ्या पट्ट्यावर यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मागून वाहन येत असेल तर मात्र कडेलाच राहावं आणि वेग चालण्याइतका करावा.

कचेचे अवतार ऋतूगणिक बदलतात. गळिताच्या हंगामात ढोकीसारख्या कारखान्याच्या गावाजवळ उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट आणि चिरडलेली कांडी रस्ताभर असतात. वाळलेलं पाचट चाकाखाली सरकतं, ओलं तर विचारूच नका. पावसाळ्यात काळ्या रानातून निघालेला ट्रॅक्टर मातीची ढेकळं डांबरावर टाकत जातो आणि पहिल्या सरीनंतर त्यांचा निसरडा लेप होतो. मे महिन्यात उलटं : पाऊस नाही, कच नाही, पण दुपारी डांबरच पाघळतं.

पाघळलेल्या डांबराने भल्याभल्यांना आडवं केलं आहे. १४ जुलै २००३ रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत गाप गावाकडे उतरताना स्पेनचा होसेबा बेलोकी लान्स आर्मस्ट्राँगच्या पुढे होता. एकूण क्रमवारीत तो दुसरा, फरक अवघा ४० सेकंदांचा. वळणाआधी त्याने ब्रेक दाबला, मऊ डांबरावर मागचं चाक सरकलं, मग अचानक पकड परत आली, टायर रिमवरून निघाला आणि बेलोकी उजव्या अंगावर आदळला. मांडीचं हाड, कोपर, मनगट, सगळं मोडलं. आर्मस्ट्राँगने वळण घ्यायचा नाद सोडला आणि सायकल सरळ शेतात घातली, ते पार केलं, खाली उतरून सायकल उचलली आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा शर्यतीत सामील झाला. त्याचं नाव पुढे उत्तेजकांमुळे डागाळलं, पण त्या क्षणी त्याने जे केलं ते शिकण्याजोगं होतं. त्याकडे पुन्हा येऊ.

बेलोकीच्या पडण्यात ब्रेक होता. आपल्याही बहुतेक पडण्यांत असतो. वळणात शिरल्यावर वेग जास्त झाल्याचं लक्षात येतं आणि बोटं आवळली जातात. टायरची पकड ही एकच भाकरी आहे. वळणं आणि थांबणं दोघांनाही तिच्यातूनच घास हवा. वाटणी मात्र साध्या वजाबाकीची नाही. वळायला पकडीतले ८० टक्के लागत असतील तर ब्रेकसाठी २० नव्हे, ६० टक्के उरतात, कारण हे दोन जोर एकमेकांना काटकोनात असतात आणि त्यांची बेरीज शाळेतल्या पायथागोरसच्या नियमाने होते. म्हणून हलका ब्रेक बऱ्याचदा पचून जातो आणि आपल्याला खोटा धीर येतो. पण वळण्यातच शंभर टक्के खर्ची पडले असतील तर ब्रेकवर नुसतं बोट टेकवलं तरी चाक सुटतं.

कोणतं चाक सुटतं, यावरही पुढचं सगळं ठरतं. मागचं सरकलं तर सायकल थोडी आडवी होते, काळजात धस्स होतं, पण बरेचदा सावरते. पुढचं सरकलं की सावरणं जवळपास नाहीच. सायकल तोलून धरायचं काम पुढचं चाक करतं, हे मागच्या भागात आलंच होतं. तेच जमिनीला धरत नसेल तर हँडल कितीही फिरवा. माणूस निमिषात आतल्या कुशीवर असतो.

जुन्या काळ्या सायकलींना सळयांचे ब्रेक आणि स्टीलच्या रिम असतात. पावसात भिजलेल्या रिमवर ब्रेकचं रबर धरतच नाही. चाकाचे पहिले फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात. म्हणून भर पावसात वळणाच्या खूप आधी ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्यावी. डबल सीट असेल तर वजनामुळे सायकल रस्त्याला चिकटून राहते, असा एक लाडका समज आहे. वजन दुप्पट झालं की पकड दुप्पट होते हे खरं, पण वळवायला लागणारा जोरही दुप्पट होतो; हिशेब जिथल्या तिथे. ब्रेकची ताकद मात्र तेवढीच राहते. मागे बसलेला वळणाच्या उलट बाजूला झुकला तर आणखीच पंचाईत.

आतल्या बाजूचं पायडल खाली असताना झुकलं तर ते जमिनीला घासतं आणि मागचं चाक उचललं जातं. उपाय सोपा : वळताना पायडल मारणं थांबवायचं, आतला पाय वर, बाहेरचा पाय खाली दाबून. डावीकडे वळताना डावा गुडघा वर, एवढं मुलांना सांगितलं तरी पुरे.

मुळात आपण वळतो कसे, हेच आपल्याला ठाऊक नसतं. विमान बनवण्याआधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना विचारलं होतं, डावीकडे वळताना काय करता? बरोबर उत्तर एकालाही देता आलं नाही. डावीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जातं. चाक उजवीकडे सरकतं, शरीर डावीकडे कलतं, आणि मग हँडल डावीकडे येतं. मोकळ्या मैदानात सावकाश चालवत डावी मूठ हलकेच पुढे ढकलून पाहा, सायकल डावीकडेच झुकेल. घाबरलेला माणूस नेमका उलटं करतो : अंग ताठ, नजर ज्या दगडावर आपटायचं नाही त्याच दगडावर, आणि सायकल वळायचं सोडून तिकडेच जाते.

तेव्हा वेग कमी करायचा तो वळणाआधी, सायकल सरळ उभी असताना, दोन्ही ब्रेकनी. वळणात शिरल्यावर ब्रेक सोडायचा आणि जिथून बाहेर पडायचं तिकडे बघायचं. तरी वेग जास्तच झाला, तर दोन पर्याय. रस्ता कोरडा आणि स्वच्छ असेल तर मूठ ढकलून आणखी झुका. टायरमध्ये आपल्या हिमतीपेक्षा जास्त पकड शिल्लक असते. कच दिसली तर वळायचा हट्ट सोडा, सायकल सरळ करा, ब्रेक लावा आणि समोर वाहन नसेल तर साइडपट्टीवर किंवा रानात जाऊ द्या. आर्मस्ट्राँगने तेच केलं. सोयाबीनच्या चार ओळी तुडवल्या तर शेतकरी बोलेल, बोलू द्या.

पडलातच, तर खरचटलेली जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा. बारीक कच आत राहिली तर तिथे जखम चिघळते, किंवा कातडीखाली कायमचा काळा डाग राहतो. हळद, माती, डिझेल काही लावू नका. मातीने भरलेली जखम असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर ती टोचून घ्या. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखत राहिलं, तर पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी आठ-दहा दिवसांनी पुन्हा दाखवा. तिथल्या छोट्या हाडाची चीर उशिरा दिसते. डोकं आपटून उलटी, भोवळ किंवा गुंगी आली तर घरी न थांबता थेट दवाखाना गाठा.

सायकलकडेही बघा. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ करता येतं. मग चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या रबरांना एका जागी घासत असेल तर रिममध्ये आउट, म्हणजे वाकडेपणा, आलाय. तेवढा दुकानात काढून घेईपर्यंत हातात धरून चाला.

पुढच्या आठवड्यात : बाभळीचा काटा, ट्यूब आणि पंक्चरचं रबर.