ओल्या ब्लँकेटचं दुसरं टोक

कोलकात्यात कालीमंदिराला लागून असलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत मदर तेरेसांनी १९५२ साली ‘निर्मल हृदय’ सुरू केलं. मरणाच्या दारातल्या बेवारस माणसांचं हे घर. इथली सकाळ धुण्यात जाते. रात्रभरात भिजलेल्या, घाण झालेल्या चादरी आणि ब्लँकेटं बाहेर येतात. जंतुनाशकाचा उग्र दर्प आणि त्याखालचा मलमूत्राचा वास एकदमच नाकात शिरतो. खळबळणं, साबण, मग स्वच्छ पाणी. ओलं ब्लँकेट मात्र एकट्याला पिळता येत नाही. दोघं समोरासमोर उभे राहून दोन टोकं धरतात आणि उलट दिशांना पीळ देतात. एकाचा हात सैल पडला की दुसऱ्याची मेहनतही वाया. एका टोकाला मदरच्या संस्थेतली, निळ्या काठाच्या साडीतली सिस्टर असते. दुसऱ्या टोकाला कधी परदेशातून आलेला विद्यार्थी, कधी शहरातली एखादी गृहिणी, तर कधी पगारावर काम करणारी बंगाली मावशी. व्रतं न घेतलेल्या, प्रपंचातल्या माणसाने सिस्टरांच्या कार्यात कुठे उभं राहायचं, हे या दुसऱ्या टोकापाशी कळतं, आणि माझ्या मते तिथे खरी कसोटी सातत्याची आहे.

या सहभागाचं सगळ्यात विलक्षण रूप कोलकात्याबाहेरच घडलं. जॅकलिन द डेकर ही बेल्जियन तरुणी मदरना येऊन मिळणार होती. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने तिला मायदेशी परतावं लागलं. मदरनी तिला आपलं दुखणंच या कार्यासाठी अर्पण करायला सांगितलं आणि त्यातून रिवाज पडला: एका सिस्टरमागे एक आजारी सहकारी, तिच्यासाठी रोज प्रार्थना करणारा. अशा व्रतं न घेतलेल्या सहकाऱ्यांच्या, १९६९ साली रोमची मान्यता मिळालेल्या संघटनेला देणग्या गोळा करायला मनाई होती, आणि १९९३ मध्ये मदरनी त्या संघटनेचा डोलाराच मोडला. पदं आणि बैठका गेल्या तरी ‘एका सिस्टरमागे एक’ हे नातं पुसलं जाण्यासारखं नव्हतं, कारण त्याला कार्यालय लागतच नव्हतं.

सामान्य माणसांच्या या सहभागावर आक्षेप आहेत, आणि एक तर अगदी रास्त आहे. ‘द लॅन्सेट’चे तेव्हाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ साली लिहिलं, की कालीघाटातल्या ‘निर्मल हृदय’मध्ये तीव्र वेदनाशामकं नाहीत आणि वैद्यकीय शिक्षण नसलेल्या सिस्टर व स्वयंसेवकांना उपचारांचे निर्णय घ्यावे लागतात. मायेने कपाळावरून हात फिरवल्याने कर्करोगाची कळ थांबत नाही. ही त्रुटी भक्तिभावाने झाकू नये. पण म्हणून सामान्य माणसाला दाराबाहेर काढणं हा उपाय नव्हे. पंधरा दिवसांसाठी आलेला तरुण रुग्णाची नावानिशी ओळख होईतो परत जातो. कोण कालपासून जेवलेलं नाही, कोण कूस बदलताना कण्हतो, हे ठाऊक असतं मावशीला. ती पगार घेते, मग तिची कसली सेवा, असं कुणी म्हणेल. या सिस्टरांचं चौथं व्रत गरिबातल्या गरिबांच्या विनामूल्य सेवेचं आहे. रुग्णाकडून पैसा घ्यायचा नाही. घर चालवणाऱ्या बाईने उपाशी राहावं असं त्यात कुठेही नाही.

ती त्रुटी सामान्य माणसाला शिकवूनही भरता येते: केरळात प्रशिक्षित शेजारीपाजारी नर्स आणि डॉक्टरांच्या जोडीने अंथरुणाला खिळलेल्यांची घरोघरी काळजी घेतात. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात ही वेदनाशामक सेवा लोकांच्याच बळावर रुजली आणि २००८ मध्ये राज्याने तिचं धोरण केलं. जखम कशी पाहावी, वेदना किती आहे हे कसं विचारावं, डॉक्टरांना कधी बोलवावं, एवढं तिथे साध्या माणसांना शिकवतात. सिस्टरांच्या घरांत हे शिक्षण द्यायचं असेल, तर पहिला मान विमानाने आलेल्या पाहुण्याचा नाही, रोज ब्लँकेटचं दुसरं टोक धरणाऱ्या मावशीचा आहे. आणि त्याबरोबर तिचा पगारही वाढायला हवा.