आधी सरपंच, मग अमेरिकेचा अध्यक्ष

बारावीच्या राज्यशास्त्रात अमेरिकेचं सरकार शिकवायचं कसं? डोळखांबच्या मुलांना वॉशिंग्टन लांबच वाटणार. मी म्हणेन, सुरुवात सरपंचापासून करा.

बघा, पूर्वी सदस्य आपल्यातूनच सरपंच निवडायचे. विश्वास उडाला की अविश्वास ठराव आणायचे. ही संसदीय पद्धत, पंतप्रधानांचंही तेच. 2017 मध्ये महाराष्ट्रात थेट जनतेतून सरपंच निवडायचा कायदा आला, 2020 मध्ये तो रद्द झाला, 2022 मध्ये पुन्हा आला. आता सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं, असं होऊ शकतं. दोघंही म्हणणार, "आम्हाला लोकांनी निवडलंय." मग कामं अडतात.

अमेरिकेत हाच पेच मोठ्या प्रमाणावर दिसतो. ऑक्टोबर 2013 मध्ये अध्यक्ष ओबामा आणि प्रतिनिधिगृह यांचं खर्चावरून जमेना, आणि केंद्र सरकारचं बरंचसं कामकाज 16 दिवस बंद राहिलं.

डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत हे उलगडून सांगितलं होतं: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. मसुद्यात जबाबदारीला झुकतं माप दिलं.

आता एक फरक पाहा. थेट निवडलेल्या सरपंचाला काढायला तीन-चतुर्थांश सदस्य लागतात, आणि वर ग्रामसभेची मान्यता. अमेरिकी मतदाराला मात्र मुदतीआधी अध्यक्ष काढता येत नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणून 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेचे अधिकार आणखी वाढलेत. बारावीतली मुलं अठराची झाली, मतदार यादीत नाव आलं, की त्याच सभेत बसणार. तिथे पाठ केलेली व्याख्या उपयोगाची नाही. कुणाला कोण आवरतं, हे कळायला हवं.