ठासणीच्या बंदुकीची नळी पाण्याने का धुतात?

लोखंड आणि पाणी यांचे वैर सर्वांना ठाऊक आहे. कोयती ओली ठेवली की सकाळी तिच्यावर तांबूस थर दिसतो. असे असूनही बार काढल्यावर ठासणीच्या बंदुकीची नळी चक्क पाण्याने धुवावी लागते, आणि नुसते तेल ओतून ठेवणाऱ्याची बंदूक लवकर निकामी होते. हे कोडे सोडवायचे तर नळीत मागे काय उरते, ते पाहिले पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात सह्याद्रीचे जंगल शेतांच्या बांधाला येऊन टेकते. भात तयार होऊ लागले की रानडुकरे रात्रीतून उभे पीक आडवे करतात. कोकणात पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगण्याची पद्धत जुनी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात या कामासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूदही आहे. (मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे! तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो.) या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासतात. मागे निपलवर केप बसवतात. घोडा केपेवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

ही दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती जळाल्यावर सगळी धूर होऊन जाते, असे आपल्याला वाटते. परंतु अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी बंद पोलादी भांड्यात दारू जाळून तिचा हिशेब मांडला आणि १८७५ साली प्रसिद्ध केला. दारूच्या वजनापैकी सुमारे ४३ टक्केच भाग वायुरूप होतो. उरलेला ५७ टक्के घनरूपात राहतो! त्यातला बराचसा धुराबरोबर बाहेर फेकला जातो, पण काही नळीला चिकटून बसतो. नळीतील हा काळा थर पाहून आपण त्याला काजळी म्हणतो. वास्तविक त्यात काजळी थोडी आणि क्षार फार असतात. पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट, पोटॅशियम सल्फाइड हे त्यांतले मुख्य.

यांपैकी पोटॅशियम कार्बोनेट मोठे तहानलेले. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ४३ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतील बाष्प शोषून स्वतःच त्यात विरघळू लागते. खाण्याच्या मिठाला याच गोष्टीसाठी सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते. पावसाळ्यात तुमच्या घरातील मिठाची बरणी कशी पाझरते, ते आठवा. आणि नळीतील क्षार तिच्याही आधी पाझरू लागतो, हे लक्षात घ्या. खेडच्या हवेत हा थर कोरडा राहण्याची आशाच नको.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, पोटॅशियम कार्बोनेट अल्कधर्मी आहे, आणि अल्कधर्मी द्रावणात तर लोखंड सावकाश गंजते. मग भीती कशाची? शंका रास्त आहे. पण हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून या द्रावणाची अल्कता उतरत जाते. शिवाय सोबतीला गंधकाची संयुगे असतात आणि पुष्कळदा क्लोराइडही. सोऱ्यात मिठाची भेसळ असू शकते. काही केपांत पोटॅशियम क्लोरेट असते, त्याचे बार उडताना क्लोराइड बनते. हे क्लोराइड लोखंडाला खोल खड्डे पाडते.

आता तेलाचे पाहू. हे क्षार तेलात विरघळत नाहीत. थरावर तेल ओतले तर ते वर पसरते आणि खाली ओलसर क्षार आपले काम करीत राहतो. पाण्यात मात्र ते सहज विरघळतात. २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ११० ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट मावते! सल्फेट त्या मानाने चिवट. पण पाणी गरम केले की त्याचीही विद्राव्यता वाढते. म्हणून कोमट किंवा गरम पाणी.

तेव्हा नळी केव्हा धुवावी? ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी. ‘उद्या बघू’ म्हटले की रात्रभरात गंजाला सुरुवात झालीच. हे काम अर्थात परवानाधारकाचेच. बंदूक रिकामी आहे ना, याची तो प्रथम खात्री करतो. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो, याची खूण गजावर केलेली असते. गज त्या खुणेच्या वर अडला तर आत ठासणी आहे, असे समजून धुण्याचा विचार सोडायचा. मग निपल काढून नळीचे मागचे टोक बादलीतील पाण्यात बुडवतात आणि गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करतात. पिचकारीसारखे पाणी आत येते, बाहेर जाते. पाणी काळेकुट्ट होते आणि कुजलेल्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. मग कोरड्या चिंध्या, आणि नळी पूर्ण सुकल्यावर तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी चिंधी फिरवून ती तांबूस निघाली, तर पुन्हा पहिल्यापासून. एवढा खटाटोप अशासाठी, की खड्ड्यांनी पातळ झालेली नळी एखाद्या दिवशी हातातच फुटू शकते.

या थराने इतिहासातही त्रास दिला आहे. रायफलीच्या नळीत आटे असतात. ते भरले की पुढची गोळी आत जाईना. म्हणून एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांना वंगण लावीत, आणि १८५७ साली त्याच वंगणातील चरबीवरून केवढा वणवा पेटला, ते तुम्ही शिकलाच आहात. खेडजवळच्या रसाळगडावर जुन्या तोफा आहेत. त्याही तोंडातूनच भरायच्या. तोफेत तर दर बारानंतर ओला बोळा फिरवावा लागे. क्षार निघत आणि आत धुमसणारा निखाराही विझे. निखारा राहिला तर पुढची दारू भरतानाच पेटायची!

नळीतील थराचा हा गुण शाळेत पाहायला बंदुकीची गरज नाही. चुलीतील लाकडाच्या राखेतही पोटॅशियम कार्बोनेट असते. राख पाण्यात कालवून गाळा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली ते पाणी आटवा. उरलेला पांढुरका खार हाताला लावू नका. थोडा खार उघड्या बशीत, थोडा घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा. शेजारच्या बशीत तितकेच मीठ. रोज तिन्हींची वजने करून नोंदवा. आणखी एक चिमूट खार खोबरेल तेलात टाका, एक पाण्यात, आणि दोन्ही ढवळून पाहा.