कुलचिन्हांकित इंग्लिश चांदीची भांडी

इंग्लंडमधील सरदार व धनिक घराण्यांनी आपले कुलचिन्ह कोरवून घेतलेली तबके, चहादाण्या, चमचे, काटे इत्यादींना कुलचिन्हांकित चांदीची भांडी म्हणतात. त्यांतील चांदी सर्वसाधारणपणे ९२.५ टक्के शुद्ध असते. ही भांडी शोभेबरोबरच घराण्याची शिल्लकही असत. गरज पडली की ती वितळवून नाणी पाडली जात. १६४२ ते १६५१ च्या यादवी युद्धात ऑक्सफर्डमधील महाविद्यालयांनी आपली चांदी पहिला चार्ल्स याच्या टांकसाळीस दिली. त्यापूर्वीची भांडी आज दुर्मीळ आहेत, याचे हे एक कारण होय.

कुलचिन्हाचे वाचन

कोरीवकामात रंग नसल्याने १७व्या शतकात रूढ झालेल्या संकेतानुसार ते रेषांनी दर्शवितात. उभ्या रेषा म्हणजे तांबडा रंग, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी. मोकळी जागा रुपेरी समजावी. पतिपत्नींच्या घराण्यांची चिन्हे बहुधा एकाच ढालीत शेजारी शेजारी असतात. अविवाहित स्त्री किंवा विधवा यांचे चिन्ह मात्र ढालीऐवजी शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत कोरतात. चमच्याकाट्यांवर पूर्ण ढाल मावत नाही, म्हणून शिरस्त्राणावरील चिन्ह तेवढे घेतात. १८व्या शतकाच्या पूर्वार्धात काटे पालथे मांडण्याची रीत असल्याने ते दांड्याच्या मागील बाजूस आढळते.

विख्यात चित्रकार विल्यम होगार्थ याने उमेदवारी चांदीवरील कोरीवकामातच केली. पॉल द लामेरी याने रॉबर्ट वॉलपोलसाठी १७२८-२९ मध्ये घडविलेल्या तबकावरील काम होगार्थचे मानले जाते. वापरातून गेलेल्या शासकीय मुद्रेची चांदी आटवून केलेले हे तबक लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे.

काळ व अस्सलपणा

भांड्याचे वय कुलचिन्हावरून ठरवू नये. त्यासाठी हॉलमार्क पाहावा: १४७८ पासून वर्षदर्शक अक्षर व १५४४ पासून चालता सिंह उमटविला जाऊ लागला. भांडे विकले गेले की नवा मालक पुष्कळदा जुने चिन्ह घासून आपले कोरवी. त्यामुळे हॉलमार्क १७३५चा आणि चिन्हाभोवतीची नक्षी १७८०च्या धर्तीची, अशी विसंगती दिसते. विक्रेत्याने सांगितलेली घराण्याची कथा अशा वेळी तपासूनच घ्यावी. घासलेल्या जागी पत्रा पातळ होतो व बोटाने दाबल्यास किंचित लवतो. त्यावर तोंडाची वाफ सोडली असता कधीकधी पुसलेल्या ढालीच्या रेषा क्षणभर दिसतात.