पूर्णेपलीकडची उधळ्या पुत्राची गोष्ट

मोताळ्याहून नांदुरा गाठावं, पूर्णा ओलांडावी, की जळगाव जामोद आणि त्यामागे सातपुडा. जिल्हा आपलाच, बुलढाणा. पण आमच्या घाटाखालच्या माणसाला त्या डोंगरातली निहाली भाषा ऐकवली तर बहुतेक त्याच्या डोक्यावरूनच जाईल.

आमच्या बाजूला मिशनऱ्यांना भाषेची अडचण नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बुलढाण्यात अमेरिकन मिशनरी आले, तेव्हा मराठी बायबल केव्हाच छापून झालं होतं. श्रीरामपूरला (बंगालमधलं, नगरचं नव्हे) विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांना हाताशी धरून १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान काढलं आणि १८११ मध्ये नवा करार. मुंबईच्या अमेरिकन मिशनने मात्र नव्याने सुरुवात केली. त्यांचा नवा करार १८२६ चा. पुढे पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि गावच्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवून १९२२ मध्ये गेल्या. छापलं त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्याने. एकाच भाषेवर किती पिढ्या राबल्या!

सातपुड्यातल्या कोरकूंच्या वाट्याला जॉन ड्रेक आला. कुर्कू मिशनच्या या माणसाने १९०० च्या सुमारास मार्काचं शुभवर्तमान कोरकूत आणलं आणि १९०३ मध्ये कलकत्त्याला कोरकूचं व्याकरण छापलं. मला त्यातलं व्याकरणच मोठं वाटतं. शुभवर्तमान वाचायला आधी वाचता यावं लागतं. व्याकरण मात्र भाषेची नोंद म्हणून राहतं.

निहालींसाठी असा कुणी बसला नाही. बोलणारे दोनेक हजार, त्यातल्या बहुतेकांना कोरकूही येते. मिशनचा हिशेब तिथेच मिटला असावा. भाषा म्हणून मात्र निहाली फार वेगळी. कोरकू मुंडा कुळातली, संथाळीची लांबची बहीण; निहालीचं कुळ अजून कुणाला लागलेलं नाही. पाण्याला ते जोप्पो म्हणतात.

तरी बायबलचा एक तुकडा निहालीत आला, तोही चर्चकडून नव्हे, सरकारकडून. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून लूकमधली उधळ्या पुत्राची गोष्ट मागवली जाई. कारण साधं होतं: मी-तू-तो, तिन्ही काळ, नामाच्या बहुतेक विभक्त्या, सगळं एकाच गोष्टीत सापडतं. इथल्या लोकांना खटकतील असे काही शब्द मात्र बदलून घेतले होते. १९०६ च्या चौथ्या खंडात कोरकूबरोबर निहालीही आहे, मुंडा कुळात बसवलेली. १९६२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ कायपरने तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, २०१४ मध्ये के. एस. नागराजांनी व्याकरण आणि शब्दसंग्रह दिला.

ती गोष्ट सुरू होते बाप आणि दोन मुलग्यांपासून. निहालीत दोनाला म्हणतात इरार, तमिळात इरंडु. तीनाला मोथो, चाराला नालो. ही द्राविडी मोजणी सातपुड्यात कशी चढली, ते त्या मुलांच्या बापालाही सांगता आलं नसतं.