तिजोरी भरली, पण कशाने?

वारंगा फाट्यावर नांदेड–हिंगोली रस्ता नागपूर–तुळजापूर महामार्गाला मिळतो. इथल्या पंपावर ट्रकने डिझेल भरले की व्हॅट राज्याला जातो. रस्त्याकडेच्या जमिनीचे खरेदीखत झाले की मुद्रांक शुल्क. व्यवहार तेजीत असले की सरकारने काहीही न बदलता तिजोरी फुगते.

गैरसमज : महसुली शिल्लक पडली, म्हणजे राज्याची घडी बसली.

2006-07 ते 2008-09 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्राच्या महसुली खात्यात शिल्लक होती. 2007-08 मध्ये तर ती 14 हजार कोटींच्या वर गेली. 2009-10 मध्ये पुन्हा तूट आली. दरम्यान जागतिक मंदी येऊन गेली होती आणि सहाव्या वेतन आयोगाचा बोजा पडला होता. अर्थात सगळी शिल्लक तेजीचीच होती, असे म्हणणेही बरोबर नाही. 1 एप्रिल 2005 पासून विक्रीकराच्या जागी व्हॅट आला, विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर हिशेब लागू लागला आणि ही व्यवस्था मंदीतही टिकली. हळदीला एखाद्या वर्षी भाव आला तर शेतकऱ्याच्या घरात पैसा खेळतो. शेताला कायमचे पाणी झाले तर भाव पडलेल्या वर्षीही घर तग धरते. पहिली सुधारणा चक्रीय, दुसरी रचनात्मक. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात, म्हणून नुसत्या शिलकीवर हुरळून जाऊ नये. 2022-23 मध्येही थोडी शिल्लक पडली होती. 2025-26 च्या अर्थसंकल्पात 45 हजार कोटींहून अधिक महसुली तूट धरली गेली.

गैरसमज : रचनात्मक सुधारणा एकदा झाली की कायमची.

1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन राज्याने बंद केली. त्याचा खरा फायदा दिसायला दोन-तीन दशके लागणार होती. पण ऑगस्ट 2024 मध्येच राज्याने हमीची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. कर्मचाऱ्यांची मागणी समजण्यासारखी आहे. पण हमीच्या पेन्शनचा खर्च आता तेजी-मंदी न बघता करावाच लागेल.

गैरसमज : तूट घटली, म्हणजे सरकारने काटकसर केली.

सरकारी हिशेब रोखीचा असतो. काम झाले, पण बिल चुकते झाले नाही, तर त्या वर्षीच्या तुटीत ते दिसतच नाही. 2025 मध्ये राज्यभरातल्या कंत्राटदारांनी थकीत बिलांसाठी आंदोलने केली. त्यामुळे तुटीच्या आकड्याशेजारी थकबाकीचा आकडाही सरकारकडे मागायला हवा.