जुन्या मेलचे बिऱ्हाड

लिनक्सवर मेलसाठी नवा प्रोग्राम बसवायला पाच मिनिटे पुरतात. घोडे अडते ते जुन्या मेलपाशी. आयमॅप वापरणाऱ्यांना काळजी नाही. त्यांची मेल सर्व्हरवरच असते आणि नव्या प्रोग्राममध्ये आपोआप दिसू लागते. पण पॉपने मेल उतरवून सर्व्हरवरून पुसणाऱ्यांची वर्षानुवर्षांची पत्रे, बिले, करारांचे मसुदे फक्त स्वतःच्या डिस्कवर असतात. म्हणून हलवाहलवीआधी त्या सगळ्याची एक प्रत वेगळी काढून ठेवायलाच हवी.

मेल प्रोग्राम मेल निरनिराळ्या पद्धतींनी साठवतात. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहितो. ही एमबॉक्स पद्धत. केमेल आणि इव्होल्यूशन मेलडिर वापरतात, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल; डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९०च्या दशकात क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी ही रचना आखली. क्लॉज मेलही प्रत्येक मेल वेगळी ठेवतो, पण फाइलींना नावे १, २, ३ अशी देतो. तिन्ही पद्धती उघड आहेत. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते, आणि हीच लिनक्सवाल्यांची मोठी पुंजी आहे.

एमबॉक्समध्ये नवी मेल कुठे सुरू होते, याची खूण एकच: ओळीच्या आरंभी इंग्रजी ‘फ्रॉम’ आणि पुढे मोकळी जागा. पत्राच्या मजकुरातच अशी ओळ आली, तर तिच्याआधी ‘>’ हे चिन्ह घालतात. ते राहिले की एका पत्राची दोन होऊ शकतात.

डिलीट केलेल्या मेलची गंमत याहून मोठी. थंडरबर्ड ती लगेच पुसत नाही, ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ या ओळीत फक्त खूण करतो. फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच ती फाइलमधून जाते. ते न करताच फाइल उचलली, तर कधीच्या काढून टाकलेल्या जाहिराती नव्या प्रोग्राममध्ये पुन्हा हजर होऊ शकतात. शेजारच्या ‘एमएसएफ’ फाइली नेऊ नयेत. त्या थंडरबर्डच्या स्वतःच्या सूची आहेत.

मेलडिरमध्ये ‘वाचली’, ‘उत्तर दिले’ या खुणा फाइलच्या नावातच, अपूर्णविरामानंतर असतात. नेहमीच्या फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हला नावात अपूर्णविराम चालत नाही. म्हणून आधी सगळ्याची ‘टार’ फाइल करावी आणि मगच ती न्यावी.

इव्होल्यूशनच्या ‘इम्पोर्ट’मधून एमबॉक्स फाइल थेट आत घेता येते. मात्र पसारा मोठा असेल, तर आपल्याच संगणकावर डव्हकॉट हा आयमॅप सर्व्हर बसवणे सर्वांत भरवशाचे. जुना आणि नवा, दोन्ही प्रोग्राम त्याला जोडायचे, एकातून फोल्डर त्यावर चढवायचे आणि दुसऱ्यातून उतरवून घ्यायचे. वेळ लागतो, पण वाचल्या-न वाचल्याच्या खुणाही सोबत येतात.

शेवटी प्रत्येक फोल्डरमधली मेलची संख्या दोन्हीकडे ताडून पाहावी, दोन-चार जुन्या अटॅचमेंट आणि देवनागरीतली पत्रे उघडावीत. हे जुळेपर्यंत जुन्या फोल्डरला हात लावू नये.